फाडलेल्या पानाची मागची बाजू

सणाच्या आदल्या दिवशी होळिगेच्या, म्हणजे पुरणपोळीच्या, दुकानापुढं तुम्ही रांगेत उभे राहता, डाळीच्या किती आणि खोबऱ्याच्या किती ते ओरडून सांगता, गरम पुडकं घेऊन निघून जाता. तव्यापलीकडच्या बाईचं तोंड तुम्ही एकदा तरी मान वर करून बघितलंय का?

नसेलच बघितलं. कुणीच बघत नाही. हात तेवढे दिसतात. तेल लावलेल्या कागदावर पुरणाचा गोळा थापणारे, कागद उलटा करून पोळी तव्यावर सोडणारे, भाजून भाजून बोटांची टोकं गुळगुळीत झालेले हात. पोळी फाटली तर रांगेतला कुणीतरी "अक्का, स्वल्प नोडी", जरा बघा की, म्हणून डाफरतो. पोळी चांगली निघाली तर दुकानाचं नाव होतं.

त्या हातांची मालकीण अनुसूया. साठी कधीच ओलांडलेली. दुकान बेंगळूरच्या जे. पी. नगरात, राहणं बसवनगुडीत, दोड्ड बसवण्णाच्या देवळामागच्या एका बोळात. भावकीच्या वाटण्या होऊन होऊन वाट्याला आलेल्या खाली दोन खोल्या आणि वर एक. नवरा वासुदेव जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा रविकिरण टॅक्सी चालवतो आणि बेळ्ळंदूरच्या रस्त्यावर आयुष्याचा अर्धा भाग ब्रेकवर पाय ठेवून काढतो.

घर मराठी. काही शतकांपूर्वी मराठी राजांच्या फौजेबरोबर इकडं आलेलं. कुठला पूर्वज आला, कुठल्या रंगाच्या घोड्यावरून आला, त्याला कुठं जमीन मिळाली, हे घरातल्या पुरुषांना पाठ. त्याच्याबरोबर जी बाई आली तिचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. अनुसूयाने लहानपणी आजोबांना विचारलं होतं. आजोबा म्हणाले, "बायका काय, आल्या असतील सामानाबरोबर."

शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. घरात बोलणं मराठीत आणि वाचणं कन्नडात, असा या जुन्या घरांचा संसार. आरत्यासुद्धा मराठी, पण कन्नड अक्षरांत उतरवून घेतलेल्या. मराठी पुस्तक हातात दिलं तर अनुसूयाला त्यातलं एक अक्षर लागत नाही. आणि हे कुणी तोंडावर बोललं तर ती चिडते. "माझी जीभ मराठी आहे. डोळे कन्नड असले तर तुझं काय गेलं?"

वरच्या खोलीत भाड्यानं शाल्मली आली ती पुण्याहून. बेळ्ळंदूरच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी. ऑफिसजवळ राहायचं सोडून ही पोरगी एवढ्या लांब का आली, तर फोनवर अनुसूया मराठीत बोलली म्हणून. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तुम्हाला काय म्हणू? काकू?"

"काकू नको. सगळे अक्का म्हणतात. आणि तुझं नाव माझ्या तोंडात मावत नाही. मी पुट्टी म्हणणार."

"पुट्टी म्हणजे?"

"छोटी. तू आहेसच की."

शाल्मलीनं जे. पी. नगरातल्या एका मराठी वाचनालयात नाव घातलं होतं. घरची आठवण यायची, म्हणून पुस्तकं आणायची. दुकानाला मंगळवारी सुट्टी आणि शाल्मलीचं मंगळवारी काम घरातूनच. एका मंगळवारी दुपारी ती बाहेरच्या कट्ट्यावर बसून एक जाड पुस्तक वाचत होती आणि वाचता वाचता एकटीच हसत होती. शेजारी अनुसूया सुपात डाळ निवडत होती.

"काय गं, कुणावर हसतेस?"

"कादंबरी आहे अक्का. ऐतिहासिक. पण यात गोष्ट अशी सांगितलीच नाहीये, सगळी पत्रंच आहेत."

"कुणाची पत्रं?"

"दोन बहिणींची. एकमेकींना लिहिलेली."

"मग ठेव खाली. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत."

शाल्मली इतकी हसली की पलीकडच्या घरातून कुणीतरी खिडकी उघडली. मग तिनं पहिलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. अनुसूयाचं सूप मांडीवर तसंच राहिलं.

गोष्ट अशी. थोरली बहीण जनाऊ, धाकटी भागू. गाव नीरेकाठी. जनाऊचा नवरा फौजेबरोबर इकडं आला, बेंगळूरच्या किल्ल्यात कोठीवर कारकून झाला, आणि जनाऊ त्याच्यामागं निघाली. आई आडवी आली. म्हणाली, परमुलखात गेलीस तर मला आई म्हणू नकोस. जनाऊ तरीही गेली. तिथून पुस्तक सुरू. दोघी बहिणींना लिहिता येत नाही. जनाऊ नवऱ्याकडून लिहवून घेते, भागू गावच्या कुळकर्ण्याकडून. तो कुळकर्णी महाआगाऊ. मध्येच आपलं घालतो, की भागू असं सांगते खरी, परंतु माझे मत भिन्न आहे.

"मेला नाक खुपसतोय बघ!" अनुसूया म्हणायची. "तिच्या पत्रात याचं काय काम?"

पण तिला खरी गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. दुसऱ्या का तिसऱ्या पत्रात जनाऊ म्हणते, तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं, एकदा बातमीसाठी आणि एकदा तुझ्यासाठी. ते ऐकून अनुसूया ताठ बसली.

"म्हणजे तिलाही कुणीतरी वाचूनच दाखवत होतं?"

"हो ना. तिला कुठं वाचता यायचं?"

"सरी सरी, बरं मग. वाच पुढं. आणि स्वल्प हळू वाच. तुला घाई असेल, जनाऊला नव्हती."

त्या दिवसापासून मंगळवारची दुपार पत्रांची झाली. एका दिवशी एकच पत्र, हा अनुसूयाचा नियम. शाल्मलीला पुढं जायचं असायचं, तर अक्का पुस्तक मिटून वर हात ठेवायची. "जासूद रोज येतो का? महिना लागायचा त्याला. आपण आठवडाही थांबू नये?" आठवडाभर मग तव्यापुढं बसून तिचं चालायचं. भागू काय उत्तर देईल, जनाऊच्या पोराचा ताप उतरला असेल का, तो कुळकर्णी सुधारणार आहे की नाही. पोळी उलटता उलटता ती शेजारच्या बाईला सगळं सांगायची, आणि ती बाई म्हणायची, "ही कुठली सीरियल अक्का? आमच्याकडं लागत नाही."

रविकिरण रोज जेवताना चिडवायचा. "अम्मा, तुझ्या जनाऊचा मेसेज आला का? ब्लू टिक झाली?"

"गप जेव. तुझ्या फोनात दिवसाला शंभर येतात, त्यातला एक तरी तू दोनदा वाचतोस का?"

कधी हसली नसेल एवढी ती त्या महिन्यांत हसली, हे बोळातल्या कुणालाही विचारा. पहिल्यांदा त्या काळातली एक बाई तिच्याशी बोलत होती. घोड्याचा रंग सांगत नव्हती. इथलं पाणी कसं लागलं ते सांगत होती. नाचणीचे गोळे घशाखाली उतरेनात म्हणून रडले असं सांगत होती, शेजारणीची बोली कळेना म्हणून दोघी खुणांनी भांडलो असं सांगत होती. "सामानाबरोबर आली म्हणे," अनुसूया एकदा स्वतःशीच पुटपुटली, आणि आजोबांना तिनं एक शिवी दिली. आजोबा जाऊन पन्नास वर्षं झाली असतील. उशिरा का होईना, मिळाली.

आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी जनाऊचा तोच प्रश्न. आई माझं नाव काढते का?

भागू सगळ्याची उत्तरं द्यायची. म्हैस व्याली, पटकी येऊन गेली, पाटलानं पुन्हा लग्न केलं. या एका प्रश्नाचं उत्तर द्यायची नाही. पुढच्या पत्रात जनाऊ पुन्हा विचारायची. अनुसूयाला दुसऱ्या कशाशी कर्तव्य उरलं नाही. लढाया आल्या, वेढे आले, किल्ल्याचा दरवाजा जळाला, ती म्हणायची, "ते असू दे, आई काय म्हणाली?"

मग तो मंगळवार आला. सकाळी पाऊस पडून गेला होता, बोळातलं गटार भरून वाहत होतं. दोघी कट्टा ओला म्हणून आत बसल्या होत्या. शाल्मलीनं पुस्तक उघडलं. पत्र भागूचं होतं. पहिल्या ओळीतच कुळकर्ण्यानं लिहिलं होतं, की लिहिताना हात चालत नाही.

"थांब," अनुसूया म्हणाली. "ऊठ. आत नको. दारात चल."

"का?"

"चल म्हणते ना."

शाल्मली हसत हसतच उठली. दाराबाहेर पायरीवर उभी राहून वाचू लागली. भागू लिहिते, सोमवारी आईला ताप भरला. वैद्य आणला. गुरुवारी पहाटे आपली आई गेली.

तिनं 'गेली' म्हटलं मात्र, अनुसूयानं पुस्तक तिच्या हातातून ओढलं, ते पान टर्रकन फाडलं, उभं फाडलं, आडवं फाडलं आणि गटाराच्या पाण्यात टाकून दिलं. मग पुस्तक परत हातात देऊन म्हणाली, "जा, पाय धू. मी अंघोळीला पाणी ठेवते."

शाल्मली किंचाळलीच. "अक्का! लायब्ररीचं पुस्तक आहे ते!"

"मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत."

"अहो, कादंबरी आहे! खरं पत्र नाहीये!"

अनुसूयाला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण हात डोक्याला विचारून चालत नाहीत. पिढ्यानपिढ्या या घरांत मयताची चिठ्ठी दारातच वाचतात, बातमी कानावर पडली की फाडतात, वाहत्या पाण्यात सोडतात आणि अंघोळ करूनच आत येतात. हातांनी आपलं काम केलं होतं.

"चूक झाली, पुट्टी," ती म्हणाली. "वाचनालयात मी सांगते. आई गेली, ते कळलंच की. पुढचं वाच."

"पुढचं कसं वाचू?" शाल्मली पायरीवर मट्कन बसली होती. "पान अजून संपलं नव्हतं. तोंड एका ओळीवर असतं तेव्हा डोळे पुढच्या ओळीवर असतात अक्का. मी बघितली ती शेवटची ओळ. 'शेवटी शुद्धीवर आली आणि जनाऊचे नाव घेऊन आई म्हणाली, की'. एवढंच. बाकी मागच्या बाजूला होतं."

अनुसूया पुरती उतरली गटारात. साडी वर खोचून, गुडघाभर पाण्यात. शाल्मली फोनचा टॉर्च धरून तिच्यामागं. बोळातली माणसं जमली, सोनं पडलं का म्हणून विचारू लागली. पुढं मोरीच्या जाळीला कागदाचा एक तुकडा अडकला होता. शाल्मलीनं तो ओढणीवर पसरून वाचला. मागच्या बाजूचाच होता. त्यावर दोन शब्द धड होते. 'म्हशीला पेंड'.

त्या दिवशी जेवताना रविकिरण म्हणाला, "मग झालं की. आईचे शेवटचे शब्द, म्हशीला पेंड घाला." अनुसूयानं हातातला डाव त्याच्या ताटात आपटला. सांबार त्याच्या शर्टावर उडालं. अम्माचं तोंड बघून त्यानं ताट बाजूला सारलं.

पुस्तक संपायचं होतं अजून. पुढच्या मंगळवारी त्यांनी पुढचं पत्र वाचलं. जनाऊचं उत्तर. ती लिहिते, आईचे बोलणे दोनदा वाचून घेतले. आता मी परत येणार नाही. माझे हाड इथेच पडेल.

बस. आई काय बोलली ते तिनं पुन्हा लिहिलं नाही. कशाला लिहील? भागूला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं.

"म्हणजे आईनं माफ केलं," शाल्मली म्हणाली. "तिच्या मनावरचं ओझं उतरलं, म्हणून ती निवांत इथं राहिली."

"नाहीतर शिव्याशाप दिले. म्हणून कायमची तुटली."

"पुढच्या पत्रांत कळेल."

नाही कळलं. पुढची सगळी पत्रं दोन्ही बाजूंनी वाचता यायची. जनाऊनं दारात तुळस लावली, आईच्या नावाची. प्रेमानं लावली की भीतीनं? मुलीचं नाव तिनं आईचं ठेवलं नाही. रागानं ठेवलं नाही, की हाक मारवेना म्हणून? त्या एका पानापाशी सगळं पुस्तक अडकून बसलं. शेवटचं पत्र वाचून झालं तेव्हा शाल्मलीचे डोळे भरले होते आणि अनुसूया कोरडी बसली होती.

तेव्हा तिनं सांगितलं. तिचं माहेर होसकोट्याचं. वासुदेवचा छापखाना बंद पडला तेव्हा ती होळिगेच्या दुकानात कामाला लागली. आईला ते कळलं. आपल्या घरातली बाई बाजारात बसून परक्यांना पोळ्या विकते? माझ्या दारात पाय ठेवू नकोस. मग ती गेली नाही. आईनं बोलावलं नाही. आणि एक दिवस मयताचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं. वासुदेवनं दारात उभं राहून वाचलं, फाडलं, टाकलं. तिनं विचारलं, अजून काय लिहिलं होतं? तो म्हणाला, काय असणार, गेली म्हणून लिहिलं होतं.

"कार्ड कन्नडात होतं, पुट्टी," अनुसूया म्हणाली. "मला वाचता आलं असतं."

शाल्मलीनं तिचा हात धरला.

दुसरी प्रत शोधायची म्हणून दोघी पुस्तक घेऊन वाचनालयात गेल्या. तिथले कार्यवाह योगीराज. बँकेतून निवृत्त, इस्त्रीचा सदरा, चष्मा साखळीला. शाल्मलीनं सांगायला तोंड उघडलं तर अनुसूयानं तिला मागं सारलं.

"पान मी फाडलं."

"का?"

"मयताचं पत्र होतं म्हणून."

टेबलाभोवती पेपर वाचत बसलेले चार जण हसले. योगीराजही हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई गंमत करत नाहीये, आणि त्यांना राग आला. "तुम्हा इथल्या जुन्या लोकांचं हे असंच. बोलता धेडगुजरी आणि समजुती त्या काळच्या. पुस्तक म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे?"

"तुम्हाला ठाऊक आहे ना? मग सांगा. हे वाचलंय का तुम्ही? आई काय म्हणाली?"

"कोण आई?"

"जनाऊची."

योगीराजांनी पुस्तक उघडून चार पानं चाळली. "मी ऐतिहासिक वाचतो ते मोहिमांचं. हे बायकांचं काय, तूप, म्हैस, बाळंतपण."

"तुमच्या आईनं बाळंतपण केलं नसतं तर मोहिमा वाचायला कोण बसलं असतं इथं?" अनुसूया एवढ्या जोरात बोलली की हसणाऱ्यांनी पेपर तोंडापुढं धरले.

मग जे व्हायचं ते झालं. शाल्मलीचं सभासदत्व रद्द. पुस्तक जमा. नाव काय पुस्तकाचं, ते तरी सांगा, असं शाल्मली विनवत राहिली. पण वेष्टन गेलेलं, पहिली पानं गेलेली, वर लाल कापडाची बांधणी. नोंदीत नुसता क्रमांक आणि 'ऐतिहासिक, जीर्ण' एवढा शेरा. लेखक कोण, ठाऊक नाही. योगीराज म्हणाले, "तसंही हे रद्दीत काढायच्या गठ्ठ्यातलंच होतं. चुकून कपाटात राहिलं."

बघा न्याय. एक पान फाडलं तर बाई अडाणी. अख्खं पुस्तक रद्दीवाल्याला घातलं तर ती कपाटाची साफसफाई.

निघता निघता शाल्मलीनं एक हुशारी केली होती. पुस्तकाच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर आधी कुणी कुणी पुस्तक नेलं त्यांची नावं होती. शेवटचं नाव हेमलताबाईंचं, बऱ्याच वर्षांपूर्वीचं. जे. पी. नगरातच राहतात, असं पेपर वाचणाऱ्यांतल्या एकानं हळूच सांगितलं. त्याला लाज वाटली असावी.

हेमलताबाईंनी दार उघडलं, आत बसवलं, कॉफी केली. पुस्तकाचं नाव काढताच त्यांचा चेहरा उजळला. "जनाऊ आणि भागू! अगं बाई, किती वर्षांनी! आणि तो आगाऊ कुळकर्णी!"

अनुसूयानं हातातला पेला खाली ठेवला. जगात अजून एक माणूस होतं जनाऊला ओळखणारं. दोघी अशा बोलत सुटल्या की एका गावच्या माहेरवाशिणी भेटल्या जणू. पाटलाच्या दुसऱ्या लग्नावर दोघी मिळून हसल्या. शाल्मलीला वाटलं, झालं काम.

"आणि आई गेली ते पत्र?" अनुसूयानं विचारलं.

"अगं, ते वाचून मी किती रडले. चुलीवरचं दूध उतू गेलं होतं."

"आई काय म्हणाली त्यात?"

हेमलताबाई सांगायला लागल्या आणि थांबल्या. त्यांनी कपाळावर बोटं टेकली. डोळे मिटले.

"शब्द आठवत नाहीत गं," त्या म्हणाल्या. "रडले तेवढं आठवतं."

"बरं, चांगलं बोलली की वाईट? एवढं तरी?"

"चांगलं ऐकूनही रडतंच की माणूस." त्यांचाच चेहरा उतरला. "माझ्या डोक्यात होतं हो ते. आत्ता आत्तापर्यंत होतं."

बसस्टॉपवर दोघी उभ्या होत्या तेव्हा अनुसूया म्हणाली, "तिच्याकडं जायला नको होतं. तिचंही घालवून आलो आपण."

त्यानंतर पंधरवड्यात शाल्मलीच्या कंपनीनं एका रात्रीत शेकडो माणसं काढली. पत्र नाही, भेट नाही. सकाळी लॅपटॉप उघडला तर तो आत घेईना, एवढीच निरोपाची रीत. ज्या कंपनीला माणसाला दोन ओळी लिहायचा कंटाळा, तिच्या काचेच्या इमारतीकडं बघून शहर किती पुढं गेलं म्हणणाऱ्यांना काय म्हणावं? शाल्मली पुण्याला परत गेली. तिकडच्या वाचनालयांत शोधते म्हणाली. शोधलंही. दोन बहिणी, नीरेकाठ, बेंगळूरचा किल्ला, एवढ्या खुणा सांगून सगळीकडं विचारलं. पुस्तकवाले म्हणाले, नाव सांगा. आता ती नवी नोकरी शोधते. फोन करते अधूनमधून. सुरुवातीला पुस्तकाबद्दल बोलायची, हल्ली दोघीही तो विषय टाळतात.

रविकिरणनं फोनमधल्या त्या बोलक्या बाईलाही विचारून पाहिलं. तिनं क्षणात उत्तर दिलं, छान गोडगोड, की आई म्हणाली, जनाऊ सुखी राहो. त्यानं अम्माला ऐकवलं. अनुसूयानं विचारलं, "हिनं पुस्तक वाचलंय?" रविकिरण म्हणाला, "बहुतेक मनचं सांगतेय." "मग बंद कर. मनचं मलाही सांगता येतं. तेच तर करत बसलेय एवढी वर्षं."

तिला कुणी सांगितलं, अक्का, तुम्हीच मराठी अक्षरं शिका. रविकिरणनं पाटी आणून दिली. दोन महिन्यांत तिला वाचता येईल, चिवट आहे ती. पण वाचणार काय? पुस्तक रद्दीत गेलं, लगदा होऊन एव्हाना त्याचे खोके झाले असतील. कदाचित तुमचं होळिगेचं पुडकं त्याच खोक्यातून आलं असेल.

वरच्या खोलीत आता दुसरं कुणीतरी राहतं. हिंदी बोलतं, दार लावून घेतं. मंगळवारी अनुसूया कट्ट्यावर बसत नाही. आतच पडून राहते, तोंड भिंतीकडं करून. रविकिरणनं एकदा विचारलं, अम्मा, एवढं काय आहे त्यात? पुस्तकातली बाई, पुस्तकातली आई. ती म्हणाली, "माझ्या आईचं कार्ड परत येणार नाही. ते गेलं. जनाऊच्या आईचं छापलेलं आहे रे. छापलेलं एकाच ठिकाणी नसतं ना? कुठंतरी असेलच की." आणि मग, "नसेलही."

म्हणून तुमच्याकडं मागणं आहे. घरात जुनी पुस्तकं असतील, माळ्यावर, पलंगाखाली, गेलेल्या आजीच्या ट्रंकेत, तर आज ती काढा. पत्रांची कादंबरी बघा, जनाऊ आणि भागूची. आई गेल्याचं पत्र काढा आणि पान उलटा. तिथं काय लिहिलंय ते बसवनगुडीत येऊन अनुसूयाक्काला वाचून दाखवा. येणं जमणार नसेल तर फोनवर वाचा. तिचं वाईट वाटेल म्हणून एक शब्द बदलू नका, आपल्या मनचा एक शब्द घालू नका. हळू वाचा, आणि दोनदा वाचा.